ठासणीची बंदूक आणि कडाक्याची थंडी
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

रायफलींचा मोसम आटोपला की अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीचा वेगळा मोसम लागतो, आणि तो बहुधा ऐन बर्फात असतो. तिकडे राहणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. एक कोकणातूनही आला आहे. दारूचं माप सगळीकडे ग्रेनमध्ये दिलं आहे. एका ग्रॅममध्ये साधारण 15.4 ग्रेन भरतात. तापमान फॅरनहाइटमध्ये आहे.

प्रश्न : .50 कॅलिबरची इनलाइन (प्रायमर थेट दारूच्या मागे बसणारी) बंदूक आहे. रोज संध्याकाळी घरात आणतो, नळीला तेलाचा हात देतो आणि पहाटे भरून निघतो. दोनदा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) फुटला पण बार झाला नाही. एकदा चाप ओढल्यावर क्षणभर थांबून झाला. थंडीत दारू पेट घेत नाही का? (डि मॉइन, आयोवा)

दारू कोरडी असेल तर शून्य फॅरनहाइटलाही, म्हणजे उणे 18 सेल्सिअसला, पेट घेते. तिला मारते ती ओल, आणि तुमच्या दोन्ही सवयी नळीत ओल नेतात.

आधी घरात आणण्याचं बघू. खोलीत 70 फॅरनहाइट आणि 40 टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा 45च्या आसपास थंड होताच पाणी सोडायला लागते. तुमची नळी असते दहा-पंधरावर. बाहेरून आत आल्यावर चष्म्यावर धरतं ते बाष्प नळीच्या आत, ब्रीच प्लगच्या (नळीच्या मागच्या बुचाच्या) बारीक भोकात आणि प्रायमरच्या खोबणीतही धरतं. बाहेरचा भाग फडक्याने पुसता येतो, आतला राहून जातो. पहाटे बाहेर पडलात की त्याचंच बर्फ होतं. प्रायमरची ज्वाळा ज्या भोकातून दारूपर्यंत जायची, ते भोक जेमतेम जाड टाचणीएवढं असतं. तिथे एवढासा बर्फही पुरे.

आता तेल. बंदूक दस्त्यावर उभी ठेवली की नळीतलं तेल रात्रभरात ओघळून तळाशी जमतं आणि गारठ्यात घट्ट होतं. सकाळी ओतलेल्या दारूचा पहिला थर त्यात भिजतो. तुमचा उशिराचा बार बहुधा यातलाच : तळची दारू आधी नुसती धुमसली, मग वरच्या कोरड्या दारूने पेट घेतला.

तेव्हा मोसमभर बंदूक बाहेरच्याच तापमानाला राहू द्या. गरम न केलेलं गॅरेज किंवा शेड उत्तम; कुलूप लावा, प्रायमर काढलेला असू द्या आणि शक्य असेल तर नळीचं तोंड खाली करून ठेवा. घरात आणणं टळतच नसेल, तर बाहेर असतानाच ती बंद होणाऱ्या केसमध्ये घाला, चेन पूर्ण लावा आणि आत आणल्यावर चार-पाच तास उघडू नका. बाष्प केसच्या बाहेरच्या अंगावर धरेल, तिथे ते कुणाचं वाकडं करत नाही.

भरायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली एक चिंधी गजाच्या टोकाला लावून नळीतून फिरवा, मागोमाग दोन कोरड्या चिंध्या. ब्रीच प्लग आदल्या दिवशी काढून त्याचं भोक अल्कोहोलने धुऊन वाळवलेलं असावं. आट्या जाम होऊ नयेत म्हणून त्यांना अँटीसीझ ग्रीस लावा, पण भोकाजवळ त्याचा कण नको. मग बंदूक रिकामी असल्याची गज घालून खात्री करा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, भुसभुशीत बर्फापासून वीतभर अंतरावर धरा आणि नुसता प्रायमर उडवा. बर्फाचा भुगा फुर्रकन उडाला तर वाट मोकळी. नाही उडाला तर प्लग पुन्हा काढा. प्रायमरची काजळी पुसायला आणखी एक कोरडी चिंधी फिरवा आणि मगच दारू ओता.

गोळी दारूवर पक्की टेकली पाहिजे. दारू आणि गोळीत पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, फुटूही शकते. गजावर दोन खुणा करा : रिकाम्या नळीची एक आणि तुमच्या नेहमीच्या भरणीची एक. बोटं बधिर झालेली असताना हाताच्या अंदाजावर जाऊ नये. नळीच्या तोंडावर विजेच्या टेपचा एक तुकडा लावा. बार करताना तो काढायची गरज नाही, गोळीच्या पुढची हवाच त्याला उडवते.

बार झाला नाही तर बंदूक खांद्यावरून न हलवता, तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान एक मिनिट थांबा. दोन मिनिटं थांबलात तर उत्तम. हरीण पळून गेलं तरी बंदूक खाली घेण्याची घाई नको. उशिरा होणारे बार याच वेळात होतात.

प्रश्न : ब्लॅकहॉर्न 209 ही पर्यायी दारू काट्यावर तोलायची की मापाने भरायची? (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

पुस्तिकेतले ग्रेन मापाचे, म्हणजे आकारमानाचे असतात, वजनाचे नाहीत. ब्लॅकहॉर्नचं 100 ग्रेनचं माप काट्यावर जेमतेम 70 ग्रेन भरतं. काट्यावर 100 तोललंत तर मापाने 140च्या पुढे जाल, आणि उत्पादकाची कमाल मर्यादा मापाने 120 आहे. तुमच्या बंदुकीची मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळायची. रायफलीच्या काडतुसातली धूरविरहित दारू साध्या ठासणीच्या बंदुकीत कधीही, चिमूटभरसुद्धा घालायची नाही.

या दारूला जोरकस प्रायमर लागतो. ठासणीसाठी म्हणून मिळणारे सौम्य 209 प्रायमर थंडीत दगा देतात. फेडरल 209ए किंवा सीसीआय 209एम घ्या. प्लगमध्ये त्या बारीक भोकापर्यंत जाणाऱ्या रुंद वाटेत साचणारा कठीण कार्बन अष्टमांश इंची ड्रिल बिट हातात धरून, बोटांनी फिरवून काढावा. मशीनला लावू नका, भोक मोठं होईल. ब्लॅकहॉर्नची काजळी पाण्याने निघत नाही, सॉल्व्हंटच लागतं. काळी दारू आणि पायरोडेक्स ही तिची पर्यायी दारू मात्र साबणाच्या गरम पाण्याने छान निघतात.

प्रश्न : नाताळनंतरच्या मोसमासाठी चकमकीची बंदूक घेतली आहे. हिमवर्षाव सुरू झाला की ठिणगी पडते, रंजक (बाहेरच्या दाणीतली चिमूटभर बारीक दारू) पेटत नाही. झाकायचं कसं? (लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया)

पेनसिल्व्हेनियाचा हा मोसम 1974 पासून आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो लागतो आणि राज्याच्या बहुतेक भागांत बंदुकांपैकी फक्त चकमकीचीच चालते. म्हणजे सगळ्यांत लहरी बंदूक वर्षातल्या सगळ्यांत वाईट हवेत वापरायची. पण तीही शिस्तीने वागवली तर नीट चालते.

पहिली गोष्ट, नळीत आणि रंजकदाणीत दोन्हीकडे खरी काळी दारूच हवी. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन या पर्यायी दारूंना पेटायला जास्त उष्णता लागते, चकमकीची ठिणगी त्यांना पुरत नाही. नळीत .50 साठी एफएफजी (जाडसर दाण्याची) 70 ते 90 ग्रेन, .490 ची शिशाची गोल गोळी आणि तिच्याभोवती .015 इंच जाडीची चिंधी. रंजकासाठी एफएफएफएफजी (अगदी बारीक दाण्याची) तीन-चार ग्रेन पुष्कळ. इथेच बहुतेकांचा हात सैल सुटतो. रंजकदाणी काठोकाठ भरली की दारू कानावर, म्हणजे दाणीतून नळीत जाणाऱ्या भोकावर चढते. मग कानातून उडत्या ज्वाळेऐवजी वातीसारखी जळत आत जाते आणि बार रेंगाळतो. रंजक कानाच्या पातळीखाली, दाणीच्या पलीकडच्या बाजूला असू द्या.

नळी भरताना कानात दातकोरणी खोचून ठेवा. ती काढली की दारूत सरळ वाट तयार राहते. रंजक नंतर घाला.

काळी दारू ओल ओढते, आणि जळल्यावर तिची राख त्याहून जास्त. बर्फ पडत असताना दर अर्ध्या तासाने दाणी उघडून पाहा. रंजकाच्या गुठळ्या झाल्या असतील किंवा ते काळ्या चिखलासारखं दिसलं तर पुसून टाका, दाणी कोरडी करा, ताजं रंजक घाला. गारगोटीची धार आणि जिच्यावर ती आपटते ती पोलादी पट्टी अल्कोहोलच्या चिंधीने पुसा. बोटाचा तेलकटपणासुद्धा ठिणगी खातो, म्हणून पुसल्यावर त्या पट्टीला हात लावू नये. गारगोटीची धार पट्टीला समांतर टेकायला हवी. एकाच कोपऱ्यावर आपटत असेल तर ती चामड्यातून सैल करून पुन्हा बसवा.

झाकायला गुडघ्याच्या वाटीसारखा वळवलेला चामड्याचा तुकडा मिळतो. मेण आणि चरबी चोळून तो चकमकीवरून बांधायचा. हरीण टप्प्यात आलं की एका ओढीत सुटेल अशी गाठ मारायची. प्लास्टिकची पिशवी गुंडाळू नका, आतच दमटपणा साचतो. घोड्याच्या यंत्रातलं तेल मोसमाआधी धुऊन काढा आणि ग्राफाइटची पूड वापरा. घट्ट झालेल्या तेलात घोडा मंद पडतो आणि ठिणग्या कमी उडतात.

प्रश्न : सप्टेंबरात 100 यार्डांवर नेम अचूक होता. डिसेंबरात गोळ्या खाली पडतात, आणि सॅबो (गोळीभोवतीचं प्लास्टिकचं कवच) नळीत ढकलायला दुप्पट जोर लागतो. (डुलुथ, मिनेसोटा)

दोन्हीचं मूळ गारठा. सॅबोचं प्लास्टिक थंडीत ताठ होतं, अर्धवट बसतं, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या दाबाने बसतं. दारूचा जोर थोडा उतरतो आणि हवाही दाट असते. सॅबो आणि गोळ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. दारूला मात्र ऊब देण्याच्या फंदात पडू नका. हात शेकायच्या पुड्या दारूच्या डबीजवळ ठेवायच्या नाहीत.

नेम पुन्हा बसवायचा तो मोसमासारख्याच दिवशी. बंदूक तासभर बाहेर राहू द्या आणि स्वच्छ, गार नळीतल्या पहिल्या गोळीवर भर द्या. हरणावर झाडायची गोळी तीच असते. तीन गोळ्यांच्या सरासरीने मन भरतं, पण शिकारीत तिचा उपयोग नाही. 100 यार्डांना नेम बसवलेली 250 ग्रेनची सॅबो गोळी 150 यार्डांवर साधारण पाच-सहा इंच खाली जाते. चकमकीच्या गोल गोळीसाठी 75 यार्ड ही मर्यादा धरा.

दुसरी गोळी भरण्याआधी काजळी पुसायला ओली चिंधी लागते, पण पाण्याची किंवा थुंकीची चिंधी 32 फॅरनहाइटखाली नळीत बर्फाचा पापुद्रा सोडते. गाडीची काच धुण्याचं उणे 20 फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं द्रव छोट्या बाटलीत बाळगा. त्याची एक चिंधी, मागोमाग एक कोरडी. ट्रिपल सेव्हन वापरत असाल तर गोळी जिथे टेकते तिथे कठीण कडं धरतं, तिथे चिंधी चार-पाच वेळा मागेपुढे करा.

प्रश्न : दिवस मावळला आणि बार झालाच नाही, तर भरलेली बंदूक रिकामी कशी करायची? (सीडर रॅपिड्स, आयोवा)

आधी प्रायमर काढा. इनलाइनचा ब्रीच प्लग उघडला की दारू मागून झटकता येते. मग गोळी तोंडाकडून गजाने ढकलून मागच्या बाजूने बाहेर काढायची. टोपीच्या किंवा चकमकीच्या बंदुकीला कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्याचं साधन मिळतं. वायूच्या दाबाने गोळी आणि दारू तोंडातून बाहेर पडते. ते नसेल तर कानातून पाणी सोडून दारू भिजवा आणि गोळीत शिरणारा स्क्रू गजाला लावून ओढा.

बार करून मोकळी करायची असेल तर जमीन कशी आहे ते पाहा. गोठलेल्या जमिनीवरून आणि तळ्याच्या बर्फावरून गोळी उसळते.

दुसऱ्या दिवशी तीच भरणी चालेल का? नळी स्वच्छ असताना भरली आणि नंतर गारठ्यातच राहिली तर चालते. त्या नळीतून आधी एकही बार झाला असेल तर नाही. राख रात्रभर ओल ओढत बसते. प्रायमर किंवा रंजक काढलं की बंदूक ‘रिकामी’ असं अनेक राज्यांचे नियम मानतात, पण सगळ्यांचे नाही. गाडीत ठेवण्याआधी आपल्या राज्याची यंदाची नियमपुस्तिका पाहा.

प्रश्न : आजोबांची ठासणीची बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरात आहे. तिच्याने भेकर मारता येईल का? (संगमेश्वर, रत्नागिरी)

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार शिकार हा गुन्हा आहे. तुमचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, प्राणी मारण्याचा नाही. पीक खाणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा आधी वन विभागाची लेखी परवानगी लागते. परवानाधारक आजोबा हयात नसतील, तर बंदूक तशीच घरात ठेवणंही शस्त्र कायद्याच्या विरुद्ध आहे; लगेच पोलीस ठाण्यात कळवा.

प्रश्न : एच-1बी व्हिसावर आहे. ठासणीची बंदूक ‘फायरआर्म’ नसते, मग मला काहीच लागू नाही, असं मित्र म्हणतात. (मिनियापोलिस, मिनेसोटा)

अर्धवट खरं आहे. केंद्रीय कायद्यात, 18 यूएससी 922 मध्ये, तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायी दारूवर चालणारी आणि तयार काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक ‘अँटिक’ म्हणून व्याख्येबाहेर राहते. पण नुसती नळी किंवा ब्रीच बदलून काडतुसावर चालवता येणारी सूट मिळवत नाही. राज्याचे कायदे याहून कडक असू शकतात. म्हणून ‘अँटिक’च्या भरवशावर राहू नका. शिकार परवाना आधी काढा, खरेदी नंतर, आणि परवाना शिकारीला जाताना जवळ ठेवा. मिनेसोटात 31 डिसेंबर 1979 नंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम लागतो. व्हिसाचा प्रश्न असल्याने इमिग्रेशन वकिलाला तासाभराची फी देणं स्वस्त पडेल.

प्रश्न : धुरामुळे हरणाला गोळी लागली की नाही तेच कळत नाही. बर्फात माग कसा काढायचा? (ईरी, पेनसिल्व्हेनिया)

बार होताच गुडघ्यावर बसा, धुराखालून बऱ्याचदा दिसतं. हरीण कुठे उभं होतं आणि कुठल्या झाडाआड गेलं, या दोन जागा मनाशी पक्क्या करा. मग जागचं न हलता पुन्हा भरा.

फुप्फुसात गोळी बसली असेल तर रक्त फिकट लाल, फेसाळ असतं. अर्धा तास थांबून निघा. गडद, काळपट लाल म्हणजे यकृत; तीन-चार तास थांबा. रक्तात हिरवट-तपकिरी घाण किंवा तसा वास म्हणजे गोळी पोटात गेली. सहा ते आठ तास हरणाला उठवू नका. उठवलंत तर ते मैलभर जाईल. जोराचा बर्फ पडत असेल तर हा हिशोब मोडतो, कारण तासाभरात माग पुसला जाईल. अशा वेळी लवकर पण अगदी हळू निघा, दहा पावलं चाला आणि पुढे बघा. बर्फावर रक्त पसरतं, म्हणून आहे त्याहून जास्त दिसतं. उलट गोल गोळी बऱ्याचदा आरपार जात नाही, तेव्हा पहिल्या पन्नास यार्डांत थेंबही नसेल. रक्त नाही म्हणजे गोळी चुकली असं धरून परत फिरू नये. पायांचे ठसे धरून निदान दोनशे यार्ड जा. फरफटलेला पाय किंवा कापलेले केस दिसतात का पाहा.

प्रश्न : शून्य फॅरनहाइटला हरीण रात्रभर बाहेर टांगून ठेवलं, मटण चामड्यासारखं निघालं. थंडीत तर चांगलं टिकायला हवं ना? (ॲपलटन, विस्कॉन्सिन)

टिकलं, पण आखडलं. हरीण मेल्यावर स्नायू ताठरायला आणि पुन्हा सैल पडायला दिवसभर तरी लागतो. त्याआधीच मांस फार गार झालं तर स्नायू आखडतात आणि तसेच राहतात. मग कुकरच्या कितीही शिट्ट्या दिल्या तरी फरक पडत नाही. आतडी लगेच काढा, पण एवढ्या थंडीत कातडं पहिल्या दिवशी राहू द्या, तेच पांघरूण. हरीण 34 ते 40 फॅरनहाइटच्या गॅरेजमध्ये टांगा आणि तीन-चार दिवसांनी कापा. जखमेभोवती हातभर मांस काढून टाका. शिशाचे कण डोळ्यांना दिसतात त्याहून लांब गेलेले असतात. घरात लहान मुलं असतील तर पुढच्या वेळी तांब्याची गोळी घ्या.

कापण्याआधी आणखी एक काम आहे. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, पेनसिल्व्हेनिया या चारही राज्यांत हरणांना सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आढळतो. तो स्वयंपाकाने मरत नाही आणि गोठवूनही नाही. घशाजवळच्या गाठींचा नमुना राज्याच्या केंद्रावर द्या आणि मेंदू, पाठीचा कणा याला सुरी लावू नका. अहवाल येईपर्यंत त्या हरणाची पाकिटं फ्रीझरमध्ये तारीख आणि नमुन्याचा क्रमांक लिहून वेगळी ठेवा. दुसऱ्याच्या हरणाचं मटण त्यात मिसळू देऊ नका, नाहीतर रोग निघाला तर दोन्ही टाकावी लागतील.